त्सी लिबेराताची किल्ली

मी मूळचा वीद-हारूबचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर गावातलं कुणीतरी सांगेलच. माझं गाव दरीच्या पलीकडे, चालत पंचवीस मिनिटांवर. टेसीशी लग्न झालं, तिच्या आईचं घर मोठं होतं, म्हणून मी इकडे राहायला आलो. त्याला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमच्या गोझो बेटावरून ऑस्ट्रेलियाला गेलेला माणूस तिथला नागरिक होऊन तिथल्या सरकारला शिव्या देऊ लागतो. वीद-हारूबमध्ये तो घरजावईच राहतो.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं आणि ते आडनावापेक्षा चिवट असतं. माझे आजोबा खेचरावर टोपल्या लादून दारोदार अंडी विकायचे, म्हणून आम्ही अंडीवाले. मी बंदरावरच्या फेरीबोटींच्या कार्यालयात अडतीस वर्षं वेळापत्रकं आखली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वाणिज्य शाखेची पदविका मिळवली, रोज टाय बांधला. तरी बेकरीत माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पावाच्या पिशवीवर 'अंडीवाला' असंच लिहिलेलं असतं.

त्सी लिबेराता उंटवाल्यांची. बेटावर उंट कुणी कधी पाहिलेला नाही, त्यामुळे हे नाव का पडलं ते तिलाही माहीत नव्हतं. 'त्सी' म्हणजे मावशी, काकू, आत्या सगळं एकात. गावातल्या कुठल्याही वयस्क बाईला म्हणावं. ही गोष्ट घडली तेव्हा त्सी लिबेराता एक्याऐंशी वर्षांची होती. सांता बिब्यानाच्या चॅपेलसमोरच्या घरात जन्मली, तिथेच राहिली, उशीवर टाचण्या टोचून लेस विणत आली. लग्न केलं नाही. तिच्या भावाने मेलबर्नहून एकदा बोटीचं तिकीट पाठवलं होतं. तिने पेटी भरली, पण आपल्यामागे चॅपेलची किल्ली कुणाकडे द्यायची हे ठरेना. ते ठरेपर्यंत बोट निघून गेली. पेटी अजून पलंगाखाली होती, त्यात आता हिवाळ्याच्या रजया असत.

चॅपेल म्हणजे आमच्या गुरांच्या गोठ्याएवढी दगडी खोली. खिडकी नाही, दारावर एक घंटा. आत मात्र भिंतभर चित्रं आहेत, सहाशे वर्षांपूर्वी कुणा अनाम माणसाने काढलेली. मधोमध खांबाला बांधलेली सांता बिब्याना. तिच्या चेहऱ्यावर हौतात्म्यापेक्षा कंटाळा जास्त आहे असं मला नेहमी वाटे, पण हे मी गावात कधी बोललो नाही. दाराची लोखंडी किल्ली हातभर लांब. ती पणजीच्या पणजीपासून उंटवाल्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेली. चित्रं पाहायची तर त्सी लिबेराताचं दार ठोठावायचं, दुसरा मार्ग नव्हता.

हीच पद्धत मला खुपत होती.

निवृत्तीला पाच महिने राहिले होते आणि मी रिकामा बसणाऱ्यांतला नव्हे. म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी वाटाड्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला, परवाना काढला आणि छोट्या गटांना बेट दाखवायचं ठरवलं. मोठ्या बसमधून पन्नास माणसं उतरवणं हे मेंढपाळाचं काम. सहा-सात जणांना शिस्तीत फिरवणं हे माझं. पण शिस्तीत सांता बिब्याना बसेना. लोक दार ठोठावत आणि पायरीवर बसून राहत. कधी त्सी लिबेराता उशिराने खाली येई, कधी सज्जातूनच हात हलवून 'आज नाही' म्हणे.

गावाच्या चॅपेल समितीत मला घेतलं होतं, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी समितीपुढे प्रस्ताव आणला: जुनं कुलूप काढून आकडे दाबून उघडणारं नवं कुलूप बसवावं, आणि जुनी किल्ली ग्रामकार्यालयात काचेच्या कपाटात ठेवावी, खाली तिची माहिती देणारी पाटी लावून. प्रस्तावाला पुरावा हवा. आमच्या झोपण्याच्या खोलीतून चॅपेलची पायरी दिसते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मी पडद्याआडून वही आणि घड्याळ घेऊन नोंदी केल्या.

"लोक म्हातारपणी कबुतरं पाळतात," टेसी म्हणाली. "तू पडद्यामागे उभा राहतोस. समोरची एक्याऐंशीची आहे म्हणून वाचलास, नाहीतर मी काय समजायचं?"

अहवाल मात्र चांगला उतरला होता. त्यातली एक दोन वाक्यं मी मनातल्या मनात म्हणत असे. 'सदर किल्लीधारक महिला अभ्यागतांस सरासरी सतरा मिनिटे तिष्ठत ठेवतात. कारण: अज्ञात. तेवीस भेटींपैकी नऊ वेळा सदर महिलेने चॅपेल उघडण्यास नकार दिला. कारण: अज्ञात.' खाली नऊ तारखांचा तक्ता. शुक्रवारी समितीची बैठक होती. समितीचे प्रमुख म्हणजे आमचे पाद्री दुन ग्रेत्स्यू. त्यांना लांबलचक बैठका आवडत नसत आणि तक्ता दिसला की ते सही करत. म्हणजे शुक्रवारी किल्ली खिळ्यावरून उतरणार हे ठरल्यातच जमा होतं.

माझा पहिला गट त्याच आठवड्यात, मंगळवारी आला. सहा जण, सगळे नॉर्वेचे, सगळे निवृत्त आणि सगळे माझ्याहून फूटभर उंच. मी प्रत्येकाच्या हातात दिवसाचा कागद दिला. त्यात अकरा कलमं होती, प्रत्येकापुढे सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. बाकीच्यांनी तो घडी करून खिशात घातला. श्री. हाल्वोर्सन नावाचे एक पूल बांधणारे अभियंते होते, त्यांनी मात्र पेन काढलं. किल्ला पाहून झाला की ते पहिल्या कलमावर खूण करत, मिठागरं झाली की दुसऱ्यावर. कुठे दोन मिनिटं जास्त गेली तर समासात लिहीत. आयुष्यात प्रथमच माझा कागद कुणी मनापासून वाचत होतं. पहिला तासभर मला आनंद वाटला. नंतर फेरीबोटीच्या कार्यालयातले लोक मला पाहून रस्ता का ओलांडतात ते कळू लागलं.

गाडी नेनूची होती. नेनू माझ्या टेसीचा चुलतभाऊ, आठ माणसांची गाडी चालवतो आणि जेवणाची वेळ चुकली तर चालवत नाही. "विस्टीन," तो मला सकाळीच म्हणाला होता, "तुझ्या कागदात जेवण एकाला आहे. एक म्हणजे एक. त्या बाईने पायरीवर बसवून ठेवलं तर मी पाव-टोमॅटो खाऊन घेईन आणि यांना चालत आण."

आम्ही अकरा चाळीसला चॅपेलपाशी पोचलो. थांबण्यासाठी मी सतरा मिनिटं धरलीच होती. दार ठोठावलं. सज्जाची हिरवी झडप उघडली आणि त्सी लिबेराताचं डोकं बाहेर आलं.

"कोण?"

"मी, विस्टीन."

"कुठला विस्टीन?"

एकतीस वर्षं समोरासमोर राहून हा प्रश्न. "टेसीचा," मी म्हणालो.

"हां, अंडीवाल्यांचा. आणि हे ताडमाड कोण?"

मी पाहुणे असल्याचं सांगितलं. तिने नाक वर करून हवा हुंगली, भिंतीत उगवलेल्या कैपरीच्या झुडपाची पानं कुठे झुकतायत ते पाहिलं आणि म्हणाली की वारा फिरतोय, आज नको.

आता नीट पाहिलं तर मला आनंद व्हायला हवा होता. नकार म्हणजे माझ्या तक्त्यात दहावी तारीख. पण शेजारी श्री. हाल्वोर्सन आठव्या कलमावर पेन धरून उभे होते. मी अहवाल लिहिणारा होतो आणि वाटाड्याही होतो, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटेना. शेवटी वाटाड्याने गयावया केली. लांबून आलेत त्सी, नॉर्वेहून आलेत, वगैरे.

तिने वरूनच सहाही जणांवर नजर फिरवली. मग आत गेली आणि सज्जातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडू लागली, भाजीवाल्यासाठी सोडतात ती. टोपलीत किल्ली होती.

"गुडघे आज ऐकत नाहीयेत," ती वरून म्हणाली. "वीस मिनिटं. दार सताड उघडू नकोस. एका वेळी दोघं आत, जास्त नाही. आणि किल्ली नीट धर. शुक्रवारी नेणारच आहेस म्हणे, मग आजपासून सवय होऊ दे."

मला वाटत होतं की अहवालाची बातमी समितीबाहेर गेलेली नाही. मी कानापर्यंत लाल झालो. पण लाल झालो तरी माणूस किल्ली घेतोच. ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती. दार उघडलं आणि श्री. हाल्वोर्सन यांनी विचारलं की फोटोला उजेड कमी पडतोय, दार पूर्ण उघडता येईल का. मी उघडलं. दोघांदोघांना आत नेलं तर साठ मिनिटं लागली असती, म्हणून सहाही जणांना एकदम घेतलं. मग मी बोललो. चांगला बोललो असं माझं मत आहे. दोन बायका भिंतीला टेकून झोपल्या, पण उभ्या उभ्याच.

नववं कलम होतं घंटा. 'घंटा वाजवून दाखवणे, बारा आठ ते बारा नऊ.' दोरी एका खिळ्याला गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावर कोळ्याची जाळी होती. त्या घंटेचा आवाज मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि म्हणूनच ती पाहुण्यांना आवडेल असं मला वाटलं. वाजवायची कशी, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या गावात, दरीच्या पलीकडे, छोट्या चॅपेलची घंटा वाजते ती मुलांना धर्मशिक्षणाला बोलावण्यासाठी: तीन ठोके, थांबायचं, तीन ठोके, थांबायचं, आणि शेवटी एक. लहानपणी ती ऐकून मी कितीदा अंजिराच्या झाडावर लपलो असेन. हाताला तेवढंच ठाऊक होतं, हाताने तेच केलं. तीन, थांबलो. तीन, थांबलो. इतक्यात श्री. हाल्वोर्सन यांनी घड्याळ दाखवलं. मिनिट संपलं होतं. मी दोरी सोडली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग गल्लीत एक झडप उघडली. मग दुसरी. समोरच्या बेकरीतून स्त्येना बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ माखलेली. माझ्या पावाच्या पिशवीवर नाव लिहिते तीच ही. तिने छातीवर क्रूस काढला आणि पीठ एप्रनला पुसायचंही विसरून माझ्याजवळ आली.

"त्रास झाला का रे फार?" तिने हळू आवाजात विचारलं.

मी म्हणालो की नाही, दोरी जरा जड होती, बाकी काही नाही. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला माझा टाय सरळ करावासा वाटला. तोवर गल्लीतून माणसं येऊ लागली होती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. नेनूही गाडीतून उतरला, हातात अर्धा पाव, डोळे पाणावलेले.

"गाढवा," तो माझ्या कानात म्हणाला, "ही घंटा फक्त किल्लीवाली गेली की वाजते. शेवटची एक्काहत्तर साली वाजली, हिच्या आईसाठी. मी शाळेत होतो. कधी गेली ती?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की त्सी लिबेराता जिवंत आहे, समोर वर बसली आहे, अर्ध्या तासापूर्वी तिनेच मला टोपलीतून किल्ली दिली.

हे बोलायला नको होतं. सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"किल्ली याच्या हातात आहे," स्त्येना म्हणाली. "जिवंतपणी त्सी अंडीवाल्याच्या हातात किल्ली देईल?"

यावर कुणाचंच दुमत नव्हतं. माझं स्वतःचंही नसतं. मी पुन्हा सुरुवात केली, पण आमच्या गावात रडणाऱ्या बाईपुढे तक्ता चालत नाही. कुणीतरी म्हणालं, त्याच्या त्या कागदानेच तिचा जीव घेतला, ऐकल्यापासून जेवली नव्हती. (ती आदल्या दिवशी सशाचं कालवण खाताना मी पडद्यामागून पाहिलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.) मागून दुसऱ्याने विचारलं हा कोण, आणि उत्तर आलं, टेसीचा नवरा, बिचारी टेसी. मग सगळे प्रार्थनेसाठी आत शिरले. जिथे दोघांनी उभं राहायचं तिथे चाळीस माणसं, शिवाय सहा नॉर्वेकर. श्री. हाल्वोर्सन समाधानी होते. दहावं कलम 'स्थानिकांशी भेट, दहा मिनिटे' असं होतं आणि त्यांनी त्यावर खूण केली.

जपमाळेचा दुसरा फेरा संपायच्या आत किल्लीचा विषय निघाला. स्त्येनाने सांगितलं की त्सीने गेल्या ईस्टरला तिलाच शब्द दिला होता. नेनू म्हणाला की त्सी ईस्टरला सगळ्यांनाच शब्द देते, त्यालाही दिलाय. एक म्हातारा म्हणाला, आता भांडून काय उपयोग, शुक्रवारी हा बाबा ती काचेत घालणार. पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात दुन ग्रेत्स्यू धापा टाकत आले. हातात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी, पायात घरातल्या सपाता. त्यांनी विचारलं की ती कुठे आहे.

"इथे," दारातून आवाज आला.

त्सी लिबेराता काठी टेकून उभी होती. अंगात काळा रविवारचा पोशाख, गळ्यात आईची साखळी, केस ओले करून बसवलेले. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि बाकावर बसली. बाकीचे बाजूला सरकले.

"मला पावटे सोलताना माझी घंटा ऐकू आली," ती म्हणाली. "म्हटलं, जाऊन बघावं तरी." आणि मग तिची नजर आमच्या डोक्यांवरून भिंतीवर गेली. तिचा चेहरा बदलला. "बाहेर. सगळे बाहेर. दुन ग्रेत्स्यू, तुम्हीसुद्धा."

मी मागे वळून पाहिलं. वारा फिरला होता. आफ्रिकेकडून येणारा तो जड, ओला वारा, ज्यात घराच्या फरश्यांना घाम सुटतो आणि मीठ डबीत घट्ट होतं. सताड उघड्या दारातून तो आत आला होता आणि त्यात पन्नास माणसांचे श्वास मिसळले होते. सांता बिब्यानाच्या कपाळावर, गालांवर, बांधलेल्या हातांवर पाण्याचे थेंब उभे राहिले होते. एक थेंब ओघळला आणि त्याच्यासोबत तांबड्या रंगाची बारीक रेघ खाली आली.

भूत दिसल्यावर लोक पळतात. इथे लोक जिवंत माणसाला पाहून चवड्यांवर बाहेर पडले. त्सीने दार लावून घेतलं, उंबऱ्याशी गोणपाट दाबलं आणि पायरीवर बसली. थोडा वेळ गुडघे चोळले.

"विस्टीन, तो कागद आहे ना तुझ्याकडे?"

होता. तीन प्रती होत्या.

"वाच."

मी आयुष्यात पुष्कळ अहवाल लिहिले, पण ज्याच्याबद्दल लिहिला त्याच्यासमोर उभं राहून कधी वाचला नव्हता. ही पद्धत सक्तीची केली तर कार्यालयांतला निम्मा कागद वाचेल. 'सदर किल्लीधारक महिला' म्हणालो तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं. 'सरासरी सतरा मिनिटे, कारण अज्ञात' इथे त्सीने हात वर केला.

"दोन जिने आहेत," ती म्हणाली. "आणि बिब्यानापुढे मी स्वयंपाकाच्या कपड्यांत जात नाही. समोर राहतोस. विचारायचंस."

पुढे नऊ तारखा होत्या. पहिली वाचली, चौदा मार्च. नेनू पाव चावता चावता म्हणाला की चौदा मार्चला गाडीच्या काचा आतून पुसून त्याचा हात दुखला होता, असला ओला वारा. मी दुसरी वाचली. स्त्येना म्हणाली, त्या दिवशीचं पीठ फुगेना, सगळे पाव चपटे झाले. तिसरीला कुणाच्या आईचा दमा वर आला होता. चौथीला धुणं तीन दिवस वाळलं नव्हतं. पाचवीपासून मी वाचायचा थांबलो असतो, पण लोकांना रस आला होता, ते पुढची विचारू लागले. नऊच्या नऊ दिवशी तोच वारा. एवढा बिनचूक पुरावा मी कधी गोळा केला नव्हता, आणि तो सगळा विरुद्ध बाजूचा होता. सात महिने मी पडद्यामागे उभा होतो, माझ्या पायाखालची फरशी घामेजलेली होती, आणि वहीत मी लिहीत होतो, कारण अज्ञात.

दुन ग्रेत्स्यूंनी कुपी खिशात ठेवली आणि विचारलं की हा अहवाल शुक्रवारी मांडायचा का.

मी म्हणालो की एका रकान्यात दुरुस्ती करावी लागेल.

"आणि प्रस्ताव?"

"मागे घेतो," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून पूर्वी कधी गेले नव्हते, त्यामुळे ते नीट उमटलेही नाहीत आणि मला पुन्हा म्हणावे लागले. मग मी किल्ली दोन्ही हातांनी त्सीच्या मांडीवर ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "आणि स्त्येना, नेनू, तुम्ही दोघं माझ्या मयतीत काय भांडत होतात ते मी जिन्यात ऐकलं. किल्ली कुणाला द्यायची ते माझं ठरलंय, आणि तुम्ही दोघंही नाही. किल्लीचं आता अडलं नव्हतं. किल्ली मागणारे पुष्कळ." तिने मांडीवरची किल्ली सरळ केली. "घंटेचं अडलं होतं. आईसाठी मी वाजवली. आजीसाठी आईने. माझ्यासाठी घरात कोण आहे? रात्र रात्र हाच विचार यायचा. आता हा आहे. याला सांगावं लागलं नाही, आपणहून वाजवली."

लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. ती हसत नव्हती.

"वाजवशील ना रे?"

माझ्या गावी ती घंटा मुलांना बोलावते, मला तुमची रीत माहीत नव्हती, असं काहीतरी मी बोलू लागलो होतो. ते अर्ध्यावर सोडलं आणि हो म्हणालो.

"मग शीक. शेवटचा ठोका गाळलास. म्हणून तर मी उठून आले. तो वाजवला असतास तर मला वाटलं असतं, खरंच झालं असेल."

आम्ही जेवायला पाऊण तास उशिरा पोचलो. नेनूने दोनदा जेवून घेतलं. निघताना श्री. हाल्वोर्सन यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की दहावं कलम फार उत्तम होतं, त्याला अधिक वेळ द्यायला हवा. शुक्रवारची बैठक अकरा मिनिटांत संपली आणि इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं की किल्ली आहे तिथे राहील. भिंतीवरची तांबडी रेघ तशीच आहे. ती माझ्यामुळे आहे हे मी आता प्रत्येक गटाला सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर नेनू सांगतो.

पुढच्या रविवारी तिने मला वर बोलावलं. तिचं स्वयंपाकघर मी तेव्हा पहिल्यांदा आतून पाहिलं. मला टेबलाशी बसवून हातात लाकडी चमचा दिला, टेबल म्हणजे घंटा. तीन, थांबायचं. तीन, थांबायचं. ती पावटे सोलत ऐकत होती. पहिले तीन घाईचे होतात म्हणाली, फेरीबोट सुटत असल्यासारखे. मी सावकाश केले. दुसरे तीन बरे आले. मग शेवटच्या ठोक्याआधी बराच वेळ थांबायचं असतं, असं तिने सांगितलं. मी वही काढली आणि किती सेकंद, असं विचारलं.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आईच्या वेळी मला रडू आवरेना, म्हणून लांबलं. लोकांना वाटलं तशीच रीत आहे," ती म्हणाली. "तुझं काय होईल ते मी कुठून सांगू? वही ठेव ती. पुन्हा वाजव."

मी वही ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.